दर दोन मिनिटांनी एक पळी

अजिनाथला पोरी बघायचा अनुभव दांडगा होता, पोरगी सांभाळायचा मात्र अजिबात नव्हता. वयाच्या चौतिसाव्या वर्षापर्यंत त्यानं अकरा ठिकाणी कांदेपोहे खाल्ले होते आणि अकराही ठिकाणांहून नकार आला होता. माणूस निर्व्यसनी, कामाला वाघ, साडेचार एकर बागायत, दावणीला चार गाया. पण शेती करणारा नवरा म्हटलं की पोरीकडची माणसं चहाचा कप खाली ठेवायची. धाकटा भाऊ कल्याण फौजेत लागला आणि वर्षाच्या आत त्याचं लग्नही झालं. अजिनाथनं त्या लग्नात पहाटेपासून पंगती वाढल्या, आणि "आता थोरल्याचं कधी?" असं विचारणाऱ्या प्रत्येकाच्या पानात जिलेबीचा एक वेढा जास्त टाकून त्याचं तोंड बंद केलं.

देवळाली प्रवरेपासून कालव्याच्या कडेकडेनं तीनेक किलोमीटर आत गेलं की यांची वस्ती. घरात वडील सहादेव अप्पा, आई मनकर्णा, कल्याणची बायको ज्योती आणि तिची सोळा महिन्यांची मुलगी संस्कृती. कल्याण तिकडे वरती, बर्फाच्या भागात. त्याचा फोन आठवड्यातून एकदा लागला तर लागला.

संस्कृतीला 'अजिनाथ' म्हणता येत नव्हतं. ती त्याला 'अजी' म्हणायची आणि सगळे खदाखदा हसायचे, कारण खऱ्या आजीला ती 'माय' म्हणत होती. अजिनाथ तिला लांबूनच टाळ्या वाजवून दाखवायचा. उचलून घ्यायला भ्यायचा. आपल्या हाताला कायम कांद्याचा नाहीतर शेणाचा वास, आणि तळवा असा खरबरीत की पोरीच्या गालाला ओरखडा उठेल, असं त्याला वाटे.

पोळा झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी ज्योतीच्या अंगावरून लाल जायला लागलं. तिला सातवा महिना होता. एकशे आठची गाडी बोलावून तिला नगरला हलवलं. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं, वार खाली सरकली आहे, बाळंतपण होईपर्यंत इथंच झोपून राहायचं, उठायचं नाही, जिवाला घोर लावून घ्यायचा नाही. सोबतीला मनकर्णा राहिली. ज्योतीची आई तिच्या लहानपणीच गेलेली, त्यामुळं माहेरी पोर धाडायची सोय नव्हती. निघताना मनकर्णानं गाडीच्या दारातून अजिनाथच्या हातात पोरगी ठेवली.

"म्या तिकडं, अप्पाला धड ऐकू येत न्हाई. आता तूच बघ."

"आई, मला कुठं काय येतंय?"

"वासरं जगवतो की न्हाई? तसंच."

पहिले दहा दिवस बरे गेले. लंगोट बांधायला तो शिकला. पहिल्या दिवशी त्यानं अशी गाठ मारली होती की सोडायला अप्पांना चष्मा लावावा लागला. खिमट करायला शिकला. गाईंचं काम अप्पांनी अंगावर घेतलं. अजिनाथ पोरीला पाठीशी बांधून कांद्याच्या चाळीत सडका कांदा निवडायचा आणि ती मागून त्याचे कान ओढायची.

अकराव्या दिवशी, बुधवारी, तिनं त्याचे कान सोडून स्वतःचा कान ओढायला सुरुवात केली. दुपारी अंग चटका बसावा असं तापलं. देवळालीत लहान मुलांच्या डॉक्टर होत्या, विजयमाला कडू. त्यांनी कानात बत्ती लावून पाहिलं, आत पू धरला आहे म्हणाल्या, आणि पांढऱ्या चमच्यासकट दोन बाटल्या दिल्या. एक तापाची, एक कानाची. कानाची बाटली इतकी कडू होती की अजिनाथनं जिभेला लावून पाहिली आणि त्याचंच तोंड वाकडं झालं. पोरीला मांडीत आडवी धरून, नाक दाबून त्यानं ते औषध दोन दिवस पाजलं. तसं पाजताना आपण एखादं पाप करतो आहोत असं त्याला वाटायचं.

शुक्रवारी कान फुटला, उशीवर पिवळा डाग पडला. त्याच दिवशी जुलाब सुरू झाले, पाण्यासारखे. एक लंगोट वाळत घालावा तोवर दुसरा भरलेला. आणि शनिवारी सकाळी तोंड धुताना त्याला तिच्या तळहातावर मसुराएवढे लाल फोड दिसले. पायाच्या तळव्यांनाही तेच. तोंड उघडून बघितलं तर जीभ आणि गालाची आतली बाजू फोडांनी भरलेली.

अजिनाथनं मोटारसायकलला किक मारली. अप्पा मागं बसले, पोरगी दोघांच्या मध्ये. रस्त्यात ती रडत होती, आणि देवळाली येईपर्यंत रडायची थांबली. ते थांबणं त्याला रडण्यापेक्षा वाईट वाटलं.

कडू मॅडमनी तिला तपासलं, वजन केलं. तीन दिवसांत पाऊण किलो उतरलं होतं. त्यांनी पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली, ती सावकाश खाली बसली.

"तीन दुखणी एकदम आलीत," त्या म्हणाल्या. "कान फुटलाय, तो सुकेल. हे फोड वेगळ्याच विषाणूचे, हल्ली साथ आहे, आठ दिवसांत आपोआप जातील. आणि जुलाब. यातलं एकेक आलं असतं तर मी घाबरले नसते. पण आता काय झालंय, बघा. तोंडात फोड म्हणून ती पीत नाही. गिळताना कानात कळ येते म्हणूनही पीत नाही. आणि प्यायली नाही तर जुलाब तिला सुकवतील."

"मग औषध?"

"जस्ताच्या गोळ्या देते. पण खरं औषध हे." त्यांनी क्षारांच्या पाण्याची पुडी पुढं ठेवली. "लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात एक पुडी. दर दोन मिनिटांनी एक चमचा. एकदम वाटीभर पाजायचं नाही."

अजिनाथला उसातल्या ठिबकच्या नळ्या आठवल्या. "म्हंजी ठिबकावानी."

मॅडमनी त्याच्याकडं पाहिलं आणि हसल्या. "बरोबर, ठिबक. पाट सोडलात तर सगळं उलटून पडेल. संध्याकाळपर्यंत ती प्यायला लागली तर घरी ठेवा. नाही लागली तर सलाईन लावावी लागेल, आणि एवढ्या सुकलेल्या पोरीची शीर सापडणं सोपं नसतं. तेव्हा प्रयत्न करा."

घरी आल्यावर प्रयत्न सुरू झाले. अजिनाथनं पाणी उकळलं, गार केलं, स्टीलच्या तांब्यात पुडी ढवळली. पांढऱ्या चमच्यात पाणी घेऊन तिच्या ओठांपाशी नेलं. संस्कृतीनं चमचा पाहिला आणि चार दात घट्ट मिटून घेतले. बोटानं ओठ उघडून त्यानं पाणी आत घातलं, तिनं फुर्रकन बाहेर काढलं. त्यानं बोंडलं आणलं, वाटी आणली, बाटली आणली. तिनं मान फिरवली ती फिरवलीच. अप्पा म्हणाले, "बळंच पाज जरा." बळंच पाजलं तेव्हा दोन घोट पोटात गेले आणि तिसऱ्याला सगळं त्याच्या पायजम्यावर आलं. अप्पांनी मीठ-मोहरीनं दृष्ट काढली. त्यालाही अजिनाथ नाही म्हणाला नाही. त्यात पोरीला काही प्यावं तर लागत नव्हतं.

दुपारचे साडेतीन झाले. पोरगी त्याच्या खांद्यावर मान टाकून पडली होती. डोळे खोल गेले होते. रडायला तोंड वाकडं करायची, पण डोळ्यांत पाणी येत नव्हतं. अजिनाथ ओसरीवर येरझारा घालत होता आणि मनात एकच गोष्ट घोळत होती : भावानं देशाच्या टोकाला उभं राहावं, आणि आपल्याच्यानं घरातली एक पोरगी सांभाळली जाऊ नये?

चार वाजता फोन वाजला. रोजच्यासारखा ज्योतीचा व्हिडिओ कॉल. रोज बोलायची ती मनकर्णा, ज्योती नुसती पोरीला बघायची.

मनकर्णाला बुधवारपासून सगळं ठाऊक होतं. पण तिनं बजावलं होतं, ज्योतीला कळता कामा नये, तिला पुन्हा लाल जायला लागेल. म्हणून तीन दिवस अजिनाथ युक्त्या करत होता. कधी पोरगी झोपली आहे, कधी तिची पाठच दाखव, कधी रेंज नाही. आजही त्यानं फोन असा धरला की पडद्यावर फक्त छताचे पत्रे दिसावेत.

"दादा, तिचं तोंड दाखवा," ज्योती म्हणाली.

अजिनाथ थबकला. तो थोरला दीर. लग्नाला अडीच वर्षं झाली, तरी ज्योती त्याच्याशी "जेवायला वाढलंय" आणि "गाडी आली" याच्यापुढं कधी बोलली नव्हती. समोरासमोर तर नाहीच.

"झोपलीय गं ती."

"झोपली असती तर तुमी हळू बोलला असता."

पलीकडून मनकर्णाचा आवाज आला, "आगं, कशाला त्या पोराला..."

"आई, मला पडून ऱ्हायला सांगितलंय, आंधळी व्हायला न्हाई. दादा, दाखवा."

अजिनाथनं फोन फिरवला. ज्योतीनं पोरीचा चेहरा पाहिला, ओठांभोवतीचे फोड पाहिले, कानातला कापसाचा बोळा पाहिला. अजिनाथ वाट बघत होता, आता ही रडणार, आता काहीतरी होणार. ज्योती रडली नाही. तिनं विचारलं, "कवापासून?"

त्यानं सगळं सांगितलं. बुधवारचा कान, शुक्रवारचे जुलाब, आजचे फोड, मॅडमनी संध्याकाळपर्यंत दिलेली मुदत. त्यानं काही झाकलं नाही.

"पानी कशानं पाजता?"

"चमच्यानं."

"कोन्त्या चमच्यानं?"

"औषधाच्याच. त्यो पांढरा."

"मग कशी पिईल ती? त्यो चमचा दिसला की तिला कडू औषध आठवतं. पळवून लावा त्यो चमचा. नजरंला पडू देऊ नका." ज्योती भराभर बोलत होती, आजवर न बोललेलं सगळं एकदम बोलावं तशी. "अप्पांची पूजेची पळी घ्या, चांदीची. रोज सकाळी त्यांच्याकडनं तीर्थ घेती की ती. आपून हात पुढं करती. आधी तिचे हात धुवा साबनानं. आन् अप्पांनाच द्यायला लावा."

अजिनाथला आठवलं. रोज सकाळी अप्पांची पूजा झाली की ती पाटाशेजारी जाऊन बसायची, इवलासा उजवा हात पुढं करायची, आणि पळीभर पाणी पिऊन तोच हात डोक्यावरून फिरवायची. तो रोज बघायचा आणि रोज कामाच्या गडबडीत विसरायचा.

आता प्रश्न अप्पांचा होता. सोवळ्याओवळ्याच्या बाबतीत म्हातारा कडक. देवाच्या पळीला घरातल्या बाईमाणसालाही हात लावू देत नसे. अजिनाथनं त्यांच्या कानाशी तोंड नेऊन मोठ्यानं सांगितलं. अप्पांनी ऐकलं. देव्हाऱ्याकडं पाहिलं. मग अजिनाथच्या खांद्यावरच्या पोरीकडं पाहिलं, तिच्या लोंबणाऱ्या हाताकडं पाहिलं. ते उठले, पळी काढली, चुलीवरच्या कढत पाण्यानं धुतली आणि पाट मांडून बसले.

"आन तिला हिकडं."

अजिनाथनं पोरीचे हात साबणानं धुतले, फोडांना धक्का न लावता. तिला पाटासमोर मांडीवर घेऊन बसला. अप्पांनी घंटी वाजवली. संस्कृतीनं डोळे उघडले. अप्पांनी तांब्यातून पळी भरली आणि तीर्थ देताना म्हणतात तो मंत्र पुटपुटत पुढं केली.

एवढी मलूल पोरगी, पण तिचा उजवा हात हळूहळू वर आला.

पळी तळव्यावर रिकामी झाली. तिनं हात तोंडाशी नेला, चाटला, खारट लागलं म्हणून कपाळाला आठी घातली. तिनं तो ओला हात डोक्यावरून फिरवला, आणि पुन्हा पुढं केला.

"घेती रं!" अप्पा ओरडले.

"हळू, अप्पा. दोन मिनिटं."

ती संध्याकाळ त्या घरात पूजेचीच झाली. दोन मिनिटं झाली की घंटी, पळी, मंत्र. दहाव्या पळीला अप्पांचा मंत्र अर्धा झाला, विसाव्याला नुसतं "हूं, घे माय" एवढंच उरलं, आणि त्यानंतर त्यांनी पळी अजिनाथच्या हातात दिली. आता तिला अजीच्या हातूनही चालत होतं. थोड्या वेळानं हातावरची कसरतही नको झाली. पळी दिसली की ती चिमणीच्या पिल्लासारखं तोंड उघडायची. पाणी माठाशेजारी ठेवून गार केलं तर फोडांना बरं वाटतं, हे अजिनाथला आपोआप कळलं. कानाचं औषध दहीसाखरेत कालवून त्याच पळीतून गेलं, तेव्हा तिला कळलंही नाही. सहा वाजता त्यानं मॅडमना कळवलं. मॅडम म्हणाल्या, "असंच चालू ठेवा. आणि लघवीवर लक्ष ठेवा. ती झाली म्हणजे पाणी अंगी लागलं."

रविवारी सकाळी जुलाब कमी झाले होते. पण लघवी झाली की नाही ते जुलाबात कळत नव्हतं, आणि पहाटे पाचनंतर लंगोट कोरडाच होता. नऊ वाजता त्यानं पुन्हा फोन केला. मॅडमनी बारा वाजेपर्यंत थांबायला सांगितलं. "नाही झाली तर सरळ इकडं या. मी दवाखान्यातच आहे."

दहाच्या सुमारास छगनमामाचा फोन. छगनमामा म्हणजे लग्नं जुळवणारा माणूस, अजिनाथची अकराही स्थळं त्यानंच आणलेली.

"पाव्हनं निघालं रं. शेवगावाकडचं स्थळ. ध्यानात हाय ना, आज रविवार?"

अजिनाथच्या ध्यानातून ते साफ गेलं होतं. "मामा, आज न्हाई जमायचं. पोरगी लई आजारी हाय."

"आरं, अकरा ठिकानी त्यांनी न्हाई म्हनलं, आता बाराव्याला तूच न्हाई म्हनतो व्हय? राहुरी फॅक्टरीपर्यंत आलेत ते. पांढरा सदरा घाल, बाकी मी बघतो."

साडेदहाला गाडी आली. मुलीचे वडील, तिचा मामा आणि आत्या, सोबत छगनमामा. छगनमामानं चुलीचा ताबा घेऊन स्वतः चहा टाकला. ओसरीवर खुर्च्या मांडल्या. अजिनाथ इस्त्रीचा पांढरा सदरा घालून समोर बसला, मांडीवर संस्कृती, शेजारच्या स्टुलावर तांब्या, पळी, साबण, पाण्याचं घमेलं आणि मनगटावर घड्याळ.

"बागायत किती म्हणाला?" मुलीच्या मामानं विचारलं.

"साडेचार एकर. दीड एकर ऊस, बाकी... थांबा जरा." एक पळी. "बाकी कांदा आन् गायांला घास."

"पानी कशाचं?"

"हीर हाय आपली. कालव्याचं आवर्तन... घे गं माय, आऽ कर... आवर्तन बी भेटतं."

मुलीच्या मामाला हे काही रुचेना. "पोरगी जरा कुनाकडं देता आली तर नीट बोलता यील."

"बोलू की," अजिनाथ म्हणाला. "फकस्त दोन मिनिटाला थांबावं लागंल."

"काय झालंय तिला?"

अजिनाथनं फोड, कान, जुलाब सगळं सांगितलं. मामानं आपली खुर्ची हातभर मागं ओढली. छगनमामानं कपाळावर हात मारला. मुलीचे वडील चहाच्या कपात बघत राहिले. आत्या मात्र पोरीकडं बघत होती, आणि पळीकडं, आणि अजिनाथच्या त्या खरबरीत बोटांकडं. ती बोटं पळी ओठांना टेकवताना एक थेंबही सांडू देत नव्हती.

अकरा वाजले. सव्वाअकरा झाले. मुलीचा मामा कल्याणच्या फौजेतल्या हुद्द्याबद्दल विचारत होता, अजिनाथ उत्तर देत होता, पण त्याचं सगळं ध्यान घड्याळाकडं होतं. बाराला निघायचं म्हणजे गाडीत पेट्रोल आहे का, कागद कुठं आहेत, शीर सापडली नाही तर काय.

आणि मांडीला ऊब लागली.

आधी त्याला वाटलं, पळीतलं पाणी सांडलं. पण पाणी गार होतं, आणि ही ऊब वाढत होती. सदऱ्याच्या खालच्या घेरावर एक ओला डाग उमटला, मोठा झाला, आणखी मोठा झाला. अजिनाथ ताडकन उठला. पोरीला दोन्ही हातांनी डोक्याच्या वर उचललं आणि कालव्यापलीकडच्या वस्तीला ऐकू जाईल असं ओरडला :

"मुतली! अप्पा, मुतली!"

गोठ्यातून अप्पा धावत आले. त्यांना शब्द कळले नव्हते, नुसती आरोळी ऐकू आली होती. हातातली वैरण तशीच होती आणि चेहरा पांढराफटक. अजिनाथनं सदरा पुढं धरून दाखवला. म्हाताऱ्यानं डाग बघितला, हात लावून बघितला, आणि सूर्याकडं तोंड करून हात जोडले. सोवळ्याचा माणूस, पण हात धुवायचं त्यांच्या ध्यानातही आलं नाही.

पाहुणे खुर्च्यांवर तसेच बसले होते. त्यांच्यासमोरच अजिनाथनं फोन लावला.

"मॅडम, झाली! अकरा वाजून वीस मिन्टं!"

"रंग कसा आहे? गडद पिवळा की फिकट?"

अजिनाथनं मान वाकवून सदरा पाहिला. "फिक्कट. पांढऱ्या सदऱ्यावर चांगलं दिसतंय."

मॅडम इतक्या मोठ्यानं हसल्या की ते ओसरीवरच्या सगळ्यांनी ऐकलं. "मग जिंकलात तुम्ही. आता यायची गरज नाही. पाजणं मात्र थांबवू नका."

लगेच त्यानं नगरला लावला. ज्योतीनं फोन उचलला, त्यानं नुसता सदऱ्याचा डाग पडद्यासमोर धरला. ती बघत राहिली आणि मग पहिल्यांदा रडली. शेजारच्या खाटेवरची बाई मनकर्णाला विचारत होती, काय झालं, काय झालं, आणि मनकर्णा हसत-रडत सांगत होती, "नात मुतली बाई, नात मुतली."

अजिनाथ वळला तेव्हा आत्या घमेल्यातल्या पाण्यानं हात धूत होती.

"सदरा बदलून ये जा," ती म्हणाली. "दोन मिन्टं व्हत आली. तवर मी पाजते."

संस्कृतीनं तिच्याकडं पाहिलं, पळीकडं पाहिलं, आणि तोंड उघडलं.

त्या स्थळाचं पुढं काही झालं नाही. मुलगी पुण्यात नोकरीला होती, तिला गावाकडं यायचं नव्हतं, आणि तिनं ते सरळ सांगितलं. छगनमामा आठ दिवसांनी तोंड पाडून निरोप घेऊन आला, तेव्हा अजिनाथच्या लक्षात आलं की आपण या खेपेला निरोपाची वाटच पाहिली नव्हती. "आत्याबाईनी मातर पोरीचं ईचारलंय," मामा म्हणाला. "बरी हाय का म्हनून."

पोरगी बरी होत होती. कान वाहायचा थांबला. फोडांच्या जागची कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी निघून आली आणि खाली कोवळी गुलाबी कातडी दिसली. नवव्या दिवशी तिनं तूप घातलेला मऊ भात खाल्ला आणि वाटी उलटी करून बघितली, आणखी आहे का म्हणून. आजारात चालणं विसरली होती; ती पुन्हा भिंत धरून उभी राहिली, मग अजिनाथचा पायजमा धरून, आणि एका दुपारी काहीच न धरता ओसरीवरून थेट गोठ्यात. महिन्यानं कडू मॅडमनी तिला काट्यावर ठेवलं. गेलेलं वजन भरून निघालं होतंच, वर अर्धा किलो चढलं होतं. मॅडमनी बाहेर बसलेल्या एका घाबरलेल्या आईला आत बोलावलं आणि अजिनाथला म्हणाल्या, "यांना जरा सांगा, कसं पाजायचं ते." अजिनाथला घाम फुटला, पण त्यानं सांगितलं. त्या बाईनं सगळं ऐकून घेतलं आणि शेवटी विचारलं, "दादा, तुम्हाला किती लेकरं?" तो म्हणाला, "एकच. पुतनी."

ज्योती दिवस भरत आल्यावर सुखरूप बाळंत झाली. दुसरीही मुलगीच, सव्वातीन किलोची, आवाज असा की वस्तीवरच्या गाया माना वळवून बघत. कल्याण सुट्टी घेऊन आला. घरी आल्यावर त्यानं आधी थोरल्या भावाचे पाय धरले, आणि अजिनाथला इतकं अवघडल्यासारखं झालं की तो "गाईला पानी दावायचंय" म्हणून गोठ्यात निघून गेला.

बारशाला आसपासच्या वस्त्यांवरच्या पंधरा-वीस बाया जमल्या. पाळणा सजवला, घुगऱ्या शिजल्या, आणि ऐनवेळी खोळंबा झाला. बाळाच्या कानात नाव सांगायचं आत्यानं, आणि या घरात आत्या नव्हती. सहादेव अप्पांना दोन मुलगेच. कुणी म्हणालं संस्कृतीच्या बारशाला आलेल्या चुलत आत्याला फोन करा, कुणी म्हणालं शेजारणीनं सांगितलं तरी चालतं.

ज्योती पाळण्याची दोरी धरून बसली होती. तिनं मान वर केली. "दादा सांगतील," ती सगळ्यांसमोर, मोठ्यानं म्हणाली.

"आगं, बाप्या मानसानं कधी..."

"संस्कृतीच्या दुखन्यात बाप्या मानूसच कामाला आला ना? बलवा दादांना."

दारात उभा असलेला अजिनाथ पळून जायच्या बेतात होता. पण कल्याणनं त्याला मागून धरला आणि बायकांच्या घोळक्यात ढकलला. संस्कृती दुडुदुडु येऊन त्याच्या गुडघ्याला बिलगली आणि "अजी, अजी" करत पाळण्याकडं बोट दाखवायला लागली. अजिनाथ वाकला. एवढ्याशा त्या कानाशी तोंड नेलं आणि हळूच म्हणाला, "कुर्रर्र... सुकन्या."

नाव सांगणाऱ्या आत्याच्या पाठीत बायकांनी धपाटे घालायची रीत. क्षणभर सगळ्या एकमेकींकडं बघत राहिल्या. घालावेत की नाही? मग मनकर्णानं पदर खोचला आणि पहिला धपाटा घातला, चांगला दणदणीत. त्यामागोमाग दुसरा, तिसरा. हसण्याचा एकच कल्लोळ उठला. जिला जागा मिळेल तिनं हात धुऊन घेतले, आणि अजिनाथ दोन्ही हात पाळण्याच्या कडेवर ठेवून, वाकून, हसत हसत सगळे धपाटे पाठीवर घेत राहिला.